पाय जागा, वाटी सुन्न

गुडघ्याची वाटी फुटली आहे की नाही, हे ओळखायला अपघात विभागातले डॉक्टर एक्स-रे हातात यायच्या आधीच एक साधी गोष्ट सांगतात : "गुडघा न वाकवता पाय वर उचला." वाटीचे दोन तुकडे होऊन एकमेकांपासून लांब गेले असतील, तर पाय उचलला जात नाही. मांडीत ताकद असते, टाच हलते, बोटं हलतात. पण पाय काही गादीवरून सुटत नाही.

खानदेशात ही दुखापत अपूर्वाईची नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. सुरत-नागपूरचा रस्ता पुढे पारोळा, एरंडोल करत जळगाव-भुसावळकडे जातो. मोटरसायकलवरून फेकला गेलेला माणूस गुडघ्यावर पडतो, मोटारीत पुढे बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आपटतो. वाटी कातडीला अगदी लागून असते, मधे मांसाची गादी नाही, त्यामुळे फटका थेट हाडावर बसतो. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की एखाद्या हाडाच्या डॉक्टरांचा वीस खाटांचा दवाखाना, वाटीला तार बांधण्याचं ऑपरेशन तिथे नेहमीचं आहे. नेहमीचं नाही ते पुढचं : हेच ऑपरेशन फक्त गुडघ्यापुरती जागा सुन्न करूनही होऊ शकतं, आणि ते चालू असताना रुग्ण स्वतः पाय उचलून दाखवू शकतो.

हे कळायला आधी वाटीचं काम कळायला हवं. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू खाली येता येता एका जाड दोरखंडासारख्या पट्ट्यात गोळा होतो आणि नडगीच्या हाडाला जाऊन बसतो. वाटी त्या पट्ट्याच्या आतच घडलेली असते. जन्मतः ती कूर्चेची असते. तिचं हाड व्हायला साधारण तिसरं ते सहावं वर्ष उजाडतं. विहिरीवरची कप्पी दोराला काठापासून दूर धरते आणि ओढणाऱ्याचे श्रम वाचवते; वाटी स्नायूच्या पट्ट्याला सांध्यापासून तसंच पुढे धरते. वाटी काढून टाकली, तर पाय सरळ करायला मांडीला सुमारे ३० टक्के जास्त जोर लावावा लागतो. तरीही १९३७ साली ब्रिटनचे सर्जन राल्फ ब्रूक यांनी फुटलेली वाटी सरळ काढून टाकावी, असं ठामपणे मांडलं होतं, आणि पुढे कित्येक वर्षं कित्येक वाट्या काढल्याही गेल्या. शरीरातला एखादा भाग निरुपयोगी आहे असं वैद्यकशास्त्र जेव्हा फार खात्रीने सांगतं, तेव्हा जरा थांबून ऐकावं.

वाटी आडवी फुटली की मांडीचा स्नायू वरचा तुकडा वर ओढून नेतो. प्लॅस्टर घालून तो खाली येत नाही. म्हणून तार. १८७७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात जोसेफ लिस्टर यांनी फुटलेली वाटी उघडून चांदीच्या तारेने बांधली. जंतुनाशकाचा आग्रह धरणारे हेच ते लिस्टर. वरची कातडी शाबूत असलेला सांधा मुद्दाम उघडायचा, हा त्या काळी जिवाशी खेळ मानला जाई. आपली पद्धत किती खात्रीची आहे हे दाखवायला त्यांनी नेमका तोच सांधा निवडला. (चांदीची तार म्हटल्यावर जळगावच्या सराफ बाजारातल्या माणसाचे कान टवकारतील, पण पुढे ती जागा स्टीलने घेतली.)

आजची पद्धत जर्मनीच्या फ्रीडरिश पाउवेल्स यांच्या विचारातून आली आणि स्विस सर्जनांच्या एओ या गटाने ती जगभर नेली. वाटीतून उभ्या दोन पोलादी सळया, म्हणजे के-वायर, घालायच्या आणि त्यांच्या टोकांभोवती पुढच्या बाजूने इंग्रजी आठच्या आकारात तार आवळायची. गंमत इथे आहे. गुडघा वाकला की फुटलेली फट पुढच्या बाजूने उघडू पाहते. तार तिला पुढे उघडू देत नाही, त्यामुळे तोच जोर मागे, सांध्याच्या बाजूला, तुकडे एकमेकांवर दाबण्यात खर्च होतो. ज्या ओढीने वाटीचे तुकडे दूर नेले, तीच ओढ आता त्यांना जोडून धरते. अर्थात तार नीट बसली असेल तर. आणि ती नीट बसली की नाही, याचा खरा पुरावा एकच : मांडीच्या स्नायूने स्वतः ओढून बघणं.

पण ऑपरेशन टेबलावर तो स्नायू सहसा झोपलेला असतो.

आपल्याकडे वाटीचं ऑपरेशन बहुतेक वेळा कमरेतल्या इंजेक्शनवर होतं. मणक्यांच्या मधून बारीक सुई पाठीच्या कण्यातल्या पाण्यात जाते, थोडंसं औषध सोडलं जातं आणि पाच-दहा मिनिटांत कमरेखालचं शरीर आपलं राहत नाही. या तंत्राची सुरुवात मोठी नाट्यमय आहे. १६ ऑगस्ट १८९८ रोजी जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर यांनी एका मजुराच्या घोट्यावरचं ऑपरेशन या पद्धतीने केलं, तेव्हा औषध होतं कोकेन. आठवड्याभराने, २४ ऑगस्टला, बिअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग स्वतःवर केला. हिल्डेब्रांट यांचे पाय बधिर झाल्यावर बिअर यांनी त्यांना सुया टोचल्या, जळती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडी मारली. काही कळलं नाही. संध्याकाळी दोघांनी जेवण आणि वाइन घेऊन विजय साजरा केला. दुसऱ्या दिवशी मात्र हिल्डेब्रांट यांना नडगीवरच्या हातोडीची, आणि दोघांनाही डोक्याच्या ठणक्याची, चांगलीच ओळख झाली. मणक्यातलं पाणी गळून होणारी ती डोकेदुखी आजच्या बारीक सुयांमुळे बरीच कमी झाली आहे.

म्हणजे खानदेशातल्या रुग्णालाही ऑपरेशनच्या वेळी जागं असणं नवं नाही. पडद्यापलीकडे ड्रिल चालतं, तो भूलतज्ज्ञांशी कापसाच्या भावाबद्दल बोलत असतो. मोतीबिंदूच्या शिबिरात जाऊन आलेल्या प्रत्येक आजीने हे अनुभवलं आहे. डोळ्याला थेंबांनी सुन्न करण्याची सुरुवात १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी केली. पण कमरेतल्या इंजेक्शनवर माणूस जागा असतो, पाय नसतो. "पाय उचला" म्हटलं तर मेंदूचा हुकूम कमरेशीच अडतो.

मग पाय जागा ठेवून फक्त दुखणं बंद करता येईल का? शरीराची रचना इथे फार सोयीची निघते. मांडीच्या स्नायूला हुकूम देणारी नस जांघेतून खाली येते आणि मांडीतच फांद्या फुटून संपत जाते. गुडघ्याच्या पुढच्या भागात औषध भरलं, तर ती नस सुटते. कातडी, हाडावरचं आवरण, सांध्याचं अस्तर सुन्न होतं. ओढणारा स्नायू शाबूत राहतो.

आणि गुडघ्याच्या आत नेमकं काय दुखतं? अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी याचं उत्तर ज्या रीतीने मिळवलं, ते वाचताना अंगावर काटा येतो. त्यांनी स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली. सुन्न केली फक्त दुर्बीण आत शिरते ती कातडीची भोकं. सांध्याच्या आत काहीही नाही. सहकारी आतला एकेक भाग सळईने दाबत गेले आणि डाय कुठे किती दुखतं ते सांगत गेले. १९९८ साली हा नकाशा छापून आला. वाटीच्या मागची कूर्चा जोरात टोचली तरी काही कळत नव्हतं. तीच सळई सांध्याच्या अस्तराला किंवा वाटीखालच्या चरबीच्या गादीला लागली की वेदना असह्य होई. वाटीच्या मागे शरीरातली जवळजवळ सर्वांत जाड कूर्चा आहे आणि तिला नसच नाही, तर तिच्या शेजारचं नाजूक अस्तर जराशा स्पर्शाने ओरडतं. लोक "वाटी दुखते" म्हणतात तेव्हा बहुधा वाटीच्या शेजारी दुखत असतं.

या नकाशावरून औषध कुठे जायला हवं ते ठरतं : कातडीखाली, हाडावरच्या आवरणात, फुटीच्या फटीत साचलेल्या रक्तात आणि सांध्याच्या पोकळीत. मनगट मोडल्यावर ते बसवण्याआधी फटीतल्या रक्तात इंजेक्शन देण्याची रीत अपघात विभागात जुनीच आहे.

औषध म्हणजे लिग्नोकेन, दाताच्या डॉक्टरांमुळे सगळ्यांना माहीत असलेलं झायलोकेन. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते तयार केलं. त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःला टोचून तपासलं. (भुलीचा इतिहास म्हणजे स्वतःलाच टोचून घेणाऱ्यांची यादी आहे.) नसेतून वेदनेची खबर जाते ती सोडियमचे कण आवरणातल्या दारांतून आत घुसल्यामुळे. लिग्नोकेनचा रेणू आवरण ओलांडून आत जातो आणि ही दारं आतल्या बाजूने अडवतो. आत शिरायला त्याला विद्युतभार नको असतो, दार अडवायला मात्र हवा असतो. हा वेश तो वाटेत बदलतो. पू झालेल्या जागी आम्लता जास्त असल्यामुळे हा भार आधीच चढतो, औषध बाहेरच अडकतं, आणि म्हणूनच गळू फोडताना इंजेक्शन देऊनही माणूस कळवळतो.

नुसत्या लिग्नोकेनने मात्र भागत नाही. रक्तस्रावाचं काय? हातापायाच्या ऑपरेशनमध्ये एरवी दंडाला किंवा मांडीला हवेचा पट्टा आवळून रक्त थांबवतात. कमरेत इंजेक्शन नसेल तर तो पट्टा वीसेक मिनिटांत नकोसा होतो. शिवाय वाटीच्या बाबतीत त्याची आणखी एक खोड आहे : तो मांडीचा स्नायूच आवळून धरतो, त्यामुळे वर गेलेला तुकडा खाली आणताना ओढाताण होते. पट्टा टाळायचा उपाय म्हणजे लिग्नोकेनमध्ये किंचित अ‍ॅड्रेनलिन. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जागा कोरडी राहते आणि औषध रक्तात वाहून न जाता जास्त वेळ टिकतं.

या जोडीला दारातच अडवणारी एक समजूत कित्येक पिढ्या पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून होती : बोटांत अ‍ॅड्रेनलिन टोचलं की बोट सडतं. कॅनडातल्या सेंट जॉन शहराचे हाताचे सर्जन डोनाल्ड लालोंद यांनी तिचा पिच्छा पुरवला. बोटं सडल्याच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा बहुतेक प्रकरणं १९५० च्या आधीची, प्रोकेन आणि कोकेनच्या काळातली निघाली. मुदत संपलेलं प्रोकेन इतकं आम्लधर्मी होई की तेच बोटं जाळायला पुरेसं होतं. अ‍ॅड्रेनलिन बिचारं सोबतीला होतं म्हणून बदनाम झालं. २००५ मध्ये लालोंद आणि सहकाऱ्यांनी हात व बोटांतल्या सलग ३,११० इंजेक्शनांचा हिशेब छापला. एकही बोट गेलं नव्हतं. तिथून पूर्ण जागेपणी, पट्ट्याशिवाय हाताची ऑपरेशनं करण्याची पद्धत जगभर पसरली. तुटलेला स्नायूबंध शिवल्यावर रुग्णाला टेबलावरच बोट मिटायला सांगायचं, शिलाई अडकते का पाहायचं. ही सोय पाहून हाडांच्या डॉक्टरांनी ती पद्धत मनगट, कोपर, घोटा असं करत गुडघ्यापर्यंत आणली.

आता एक नमुना रुग्ण कल्पू. अमळनेरकडचे कापूस करणारे एक सत्तरीचे आबा, वजन ६० किलो, हृदयात स्टेंट, रक्त पातळ करणाऱ्या जोरकस गोळ्या चालू. ओट्यावरून उतरताना पाय सटकला आणि वाटी आडवी फुटली. अशा गोळ्यांवर मणक्यात सुई घालायची तर आत रक्तस्राव होऊन नसा दबण्याची भीती. गोळ्या बंद ठेवाव्यात तर स्टेंटची भीती. पूर्ण भूल द्यावी तर हृदयाची काळजी. असा माणूस समोर आला की गुडघ्यापुरत्या भुलीचा विचार होतो.

आधी हिशेब. अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची नेहमीची मर्यादा दर किलोला ७ मिलिग्रॅम, म्हणजे आबांना ४२० मिलिग्रॅम. एक टक्क्याच्या औषधात दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, तेव्हा ४२ मिलिलिटर. एवढ्याने गुडघा भरणार नाही, म्हणून ते सलाइनने निम्मं पातळ करायचं : ८४ मिलिलिटर. औषध मुळात आम्लधर्मी असल्याने टोचताना झोंबतं. त्यात थोडं सोडियम बायकार्बोनेट मिसळलं की झोंबणं कमी होतं. बारीक सुई, सावकाश हात, आणि सुई नेहमी आधी सुन्न झालेल्या भागातूनच पुढे. मग वाट पाहायची. अ‍ॅड्रेनलिनचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण २६ मिनिटं लागतात, असं लालोंद यांच्या गटाने मोजून दाखवलं आहे. घाईच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ही सगळ्यात अवघड पायरी असावी.

चिरा घेतला जातो. आबांना ओढ कळते, दाब कळतो, ड्रिलची थरथर मांडीपर्यंत येते. "आबा, दुखस का?" "दुखत नही, पन थरथरस." थरथर हाडातून लांब जाते आणि दूरच्या जाग्या नसा ती मेंदूला सांगतात, औषधाने बंद केली आहे ती फक्त गुडघ्याची खबर. तुकडे जुळवताना मात्र जागा स्नायू अडचणीचा ठरतो. आबा घाबरून मांडी ताठ करतात आणि वरचा तुकडा हलतो. कमरेतल्या इंजेक्शनमध्ये सर्जनला ही कटकट नसते. मग त्यांना श्वास सोडायला सांगायचं, बोलण्यात गुंतवायचं, पाय सरळ ठेवून चिमट्याने तुकडे धरायचे. इथे सर्जनच्या जिभेचीही परीक्षा असते. "अरे, तार तुटली" हे वाक्य झोपलेल्या रुग्णासमोर चालून जातं. आबा ते ऐकून उठून बसतील.

सळया गेल्या, तार आवळली. आणि आता, जखम अजून उघडी असताना, सर्जन म्हणतात, "आबा, पाय उचला बरं." टाच निर्जंतुक चादरीवरून वर येते. मग गुडघा हळूहळू वाकवायला सांगतात. सर्जन फटीकडे बघत असतात, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर हाड दिसत असतं. पुढे केसाएवढी फट उघडली तर तार आणखी एक पीळ घेते आणि पुन्हा तीच परीक्षा. झोपलेल्या पायात सर्जन हाताने गुडघा वाकवून बघतातच, पण हाताने वाकवणं आणि माणसाच्या स्वतःच्या स्नायूने ओढणं यांत पाऊस ऐकणं आणि भिजणं इतकं अंतर आहे.

मला यात आणखी एक फायदा दिसतो, जो एक्स-रेवर उमटत नाही. वाटीच्या ऑपरेशननंतर माणूस गुडघा वाकवायला महिनोन्‌महिने भितो, "तार सुटली तर?" म्हणून, आणि त्या भीतीपायी सांधा आखडतो. ज्याने टेबलावर स्वतः पाय उचलला, त्याला फिजिओथेरपिस्टचं म्हणणं पटायला वेळ लागू नये.

अशी पद्धत खानदेशात रुजेल का? कमी साधनांत शस्त्रक्रिया नीट करण्याची खानदेशाला ओळख आहे. धुळे जिल्ह्यात दोंडाईचा इथे दवाखाना चालवणारे डॉ. टोणगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि त्याचे अनुभव २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत प्रसिद्ध केले. पुढे आफ्रिकेतही तशा जाळ्यांवर काम झालं. २०१६ मध्ये युगांडातली तुलना न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली आणि स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या बरोबरीने टिकली. दोंडाईच्याच्या दवाखान्यातला प्रश्न असा जगाच्या प्रश्नपत्रिकेत गेला.

पण गुडघ्यापुरती भूल म्हणजे भूलतज्ज्ञांना फाटा देण्याची युक्ती, असा अर्थ कुणी काढू नये. औषध चुकून शिरेत गेलं किंवा प्रमाण जास्त झालं, तर ओठ बधिर होतात, तोंडात धातूची चव येते, कानात घंटा वाजतात, पुढे झटके येतात आणि हृदयही थांबू शकतं. त्यावर उतारा म्हणून २० टक्क्यांचं स्निग्ध द्रावण शिरेतून देतात. अमेरिकेच्या गाय वाइनबर्ग यांच्या १९९८ च्या प्रयोगांतून तो सापडला. ते द्रावण, ऑक्सिजन, मॉनिटर आणि हे सगळं वापरता येणारा माणूस खोलीत हवाच. आणि प्रत्येक वाटी या पद्धतीची नसते. चुरा झालेली वाटी, सोबत मांडीचं हाडही मोडलेलं, लहान मूल, घाबरून थरथरणारा माणूस, तासनतास चालणारं काम, इथे कमरेतलं इंजेक्शन किंवा पूर्ण भूलच बरी. निरोगी तरुणाच्या साध्या वाटीलाही धुळ्या-जळगावात आज कमरेतलंच इंजेक्शन मिळेल, आणि त्यात वावगं काही नाही.

हाड जुळल्यावर तारेचं काम संपतं, पण वाटीवर कातडी पातळ असल्यामुळे के-वायरची टोकं पुष्कळांना टोचत राहतात. मांडी घालून बसताना, पूजेला किंवा नमाजाला गुडघे टेकताना. मग वर्षभराने त्या काढायचं छोटं ऑपरेशन होतं. तुकडे जुळवायचे नाहीत, सांधा उघडायचा नाही, स्नायूशी झगडा नाही. चार ठिकाणी सुन्न करून तार कापायची आणि सळया ओढून घ्यायच्या. जागेपणाच्या या पद्धतीला एखाद्या गावात हातपाय पसरायचे असतील, तर तिने सुरुवात इथून करावी.